फोटोखालची ओळ

दरवर्षी १ मेच्या अंकात एक फोटो हमखास भेटतो. मावळतीचं केशरी आभाळ, अर्धवट इमारतीचा सांगाडा आणि डोक्यावर घमेलं घेऊन चाललेली एक काळी आकृती. खाली कामगार दिनाच्या शुभेच्छा. आकृती बाईची की पुरुषाची, तेही धड कळत नाही. इमारत कुठली, घमेल्यात वाळू आहे की काँक्रीट, दिवसाची हजेरी किती आणि ती कुणाच्या हातून मिळते, हे फोटो सांगत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. पनवेलच्या आसपास असा फोटो काढायला जागा शोधावी लागत नाही. खारघर, कामोठे, करंजाडे, उलवे, कुठेही संध्याकाळी उभं राहा, सांगाडाही मिळेल आणि आभाळही.

असे फोटो काढणाऱ्यांच्या मनात कष्टकऱ्यांबद्दल बहुतेक वेळा आदरच असतो. पण आदर दाखवण्याची ही रीत फसवी आहे, कारण ज्याला मान द्यायचा तोच तिच्यात दिसेनासा होतो. कष्टाची कामं करणाऱ्या माणसांचे फोटो साक्ष म्हणून उभे राहायचे असतील, तर त्यांच्याखाली नाव, गाव, काम, कामाचा दर, जागा आणि तारीख हवी. आणि ती ओळ ज्याचा फोटो आहे त्याला विचारून लिहिलेली हवी, असं माझं ठाम मत आहे. ती नसेल तर चांगल्यातला चांगला फोटोसुद्धा दिवाणखान्यात टांगण्यापलीकडे कामाचा नाही. पनवेलमध्ये तर हे काम तातडीचं आहे, कारण इथे एकेक धंदा आपल्या डोळ्यांदेखत संपतो आहे.

आपल्याकडे कॅमेरा फार लवकर आला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. सोसायटी काढणाऱ्यांतला एक, विल्यम जॉन्सन, मुलकी नोकरीत होता. मुंबईतल्या निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली बरीच चित्रं जोडकाम करून बनवलेली आहेत. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, कडेने कापायचे आणि दुसऱ्याच कुठल्या देखाव्यावर चिकटवायचे. म्हणजे त्या माणसांच्या पायाखालची जमीनही त्यांची नाही. खाली ओळख म्हणून जात. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, त्यांचीही तऱ्हा तीच: माणूस हा त्याच्या जातीचा नमुना. कामगार दिनाच्या फोटोतली काळी आकृती मला याच घराण्यातली वाटते. तिथे जातीचा नमुना होता, इथे ‘श्रमा’चा आहे.

पनवेलचंच पाहा. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि पनवेल बंदराचे दिवस पालटले. मुंबईहून पडावांनी आलेला माल इथे उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाटावर चढायचा. त्यामुळे गाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा मोठा धंदा झाला, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. पण ही नोंद धंद्याची झाली, सुतारांची नाही. ज्या गावाने घाटावरच्या गाड्यांना चाकं दिली, त्या गावात आज ती घडवणारा एकही माणूस नावानिशी आठवला जात नाही. तेव्हा कॅमेरा दुर्मीळ होता, ही सबब चालून जाते. आज ती चालणार नाही.

मग नीट काम कसं दिसतं? जुनं उदाहरण अमेरिकेतलं, पण अजून कुणी त्यापुढे फारसं गेलेलं नाही. लुईस हाइन हा शिक्षक. १९०८ पासून दहा वर्षं तो बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्या, खाणी, काचकारखाने पालथे घालत फिरला. आत सोडत नसत म्हणून कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा अशी सोंगं घेतली. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांवरून मापायचा आणि खिशात हात घालून आतल्या आत टिपणं करायचा. नाव, वय, कामाचे तास, आठवड्याची मजुरी. त्याने समितीसाठी पाच हजारांहून जास्त फोटो काढले. त्यातले पुष्कळसे आजही पाहताना आपण थांबतो ते चेहऱ्यामुळे. पण तेव्हा मालकांना अडचण झाली ती खालच्या ओळीची. चेहरा पाहून ‘मुलं हौसेनं आली होती’ असं म्हणता येतं. वय आणि मजुरी लिहिली की ते म्हणणं अंगाशी येतं. तरीही पक्का कायदा यायला १९३८ उजाडलं. फोटोमुळे जग रातोरात बदलतं अशा गोष्टी सांगणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

आता आपल्या तालुक्यातल्या वीटभट्टीवर येऊ. दिवाळी झाली की कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात, कुणी जवळपास, कुणी परजिल्ह्यात. पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरचा नेहमीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: चिखलाने माखलेले हात, विटांच्या रांगा, मागे धूर आणि रांगेत बसलेलं एक उघडं मूल. फोटो खराच असतो. तरी भट्टीवर जे मुख्य घडतं ते त्यात येत नाही.

एक तर वेळ चुकते. थापणी पहाटेच्या अंधारात सुरू होते, कारण ऊन चढल्यावर गाऱ्याशी झटणं जड जातं. आदल्या संध्याकाळी पुरुषाने माती भिजवून, तूस आणि राख कालवून गारा तयार ठेवलेला असतो. पहाटे बाई साच्यात गोळा आपटते, वरची जादा माती हाताने कापून बाजूला करते, साचा उलटा करून उचलते की वीट जमिनीवर. साचा पाण्यात बुचकळायचा आणि पुन्हा तेच, शेकडो वेळा. मोठं पोर जरा सुकलेल्या विटा कडेवर उभ्या करत मागून येतं. फोटो काढणारा गाडी काढून पोचतो नऊ-साडेनऊला, तेव्हा थापणी उरकत आलेली असते. त्यामुळे फोटोत येतो तो थकवा. हात किती सफाईने चालत होता, दोघांच्या कामाचा मेळ कसा बसला होता, ते अंधारातच राहतं. कातकऱ्यांच्या हातातलं कसब कुणाला दिसलेलं नाही, दिसली आहे ती दैना, याचं एक साधं कारण हे घड्याळ आहे.

दुसरी गोष्ट उचलीची. ऐन पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमामार्फत उचल घेतलेली असते. कुणाचं आजारपण असतं, कुणाचं लग्न. हंगामात दर आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते. शेवटी हजारी दराने विटांचा हिशेब होतो, त्यातून उचल आणि खर्ची वजा होते. उरलं तर हातात, नाही उरलं तर बाकी पुढच्या हंगामावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. भट्टीवर कुणाला दोरखंडाने बांधलेलं नसतं, म्हणून कॅमेऱ्याला वावगं काही सापडत नाही. जे बांधणारं आहे ते मुकादमाच्या लांबट वहीत असतं: नाव, रक्कम, अंगठा. भट्टीवर काढण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा फोटो त्या वहीच्या पानाचा आहे, आणि तोच कुणी काढू देत नाही. मग निदान त्यातला मजकूर फोटोखाली यायला हवा. किती उचल, कशापायी घेतली, हजारी दर काय, मागची बाकी किती. एवढं लिहिलं की तेच चिखलाचे हात पाहणारा माणूस हळहळून थांबत नाही, त्याला हिशेब विचारावासा वाटतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. नाव छापलं आणि मुकादमाच्या नजरेस पडलं तर पुढच्या हंगामाला काम बंद. फोटो काढणारा बक्षीस घेऊन मोकळा, भोगायचं त्या कुटुंबाने. हे अगदी खरं आहे. म्हणूनच नाव विचारणं वेगळं आणि नाव छापणं वेगळं. प्रत्येकाचं नाव विचारलं पाहिजे, वहीत लिहिलं पाहिजे. छापायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. नको म्हणाला तर ‘नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही’ एवढं लिहावं. हे वाक्यसुद्धा बोलतं. आपलं नाव सांगायची चोरी आहे इतकी या धंद्यात दहशत आहे, हे वाचणाऱ्याला कळतं. राखून ठेवलेलं नाव आणि कधी विचारलंच नाही ते नाव, कागदावर दोन्ही ठिकाणी रिकामी जागा दिसते, पण त्या दोहोंमध्ये माणसाशी वागण्याचा फरक आहे.

मराठी मुलखात हे काम जीव लावून केलेली माणसं आहेत. सुधारक ओलवे वर्तमानपत्रात फोटो काढायचे. नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे कित्येक वर्षं घालवली. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या गाडीवर चढलेली माणसं काळ्या-पांढऱ्या फोटोंतून लोकांसमोर आणली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका दुपारी जाऊन असे फोटो मिळत नाहीत. समोरच्याला कॅमेऱ्याचा विसर पडेपर्यंत जात राहावं लागतं, आणि कामाची पाळी संपल्यावर त्याच्या घरीही जावं लागतं, कारण गटाराचा वास पाळीबरोबर संपत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक केलं, पुढे ‘असाही एक महाराष्ट्र’ केलं. तमाशातल्या बाया कामगार आहेत, ही गोष्ट आपल्याला लावणीच्या पलीकडे जाऊन पाहावी लागते.

पण फोटो एकटा किती अपुरा पडतो, तेही मुंबईच्या सफाई कामगारांनीच दाखवलं आहे. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी माणसांना कागदोपत्री कामगार म्हटलंच जात नव्हतं. ते ‘स्वयंसेवक’, आणि त्यांना मिळतं ते ‘मानधन’. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा आदेश दिला. आता कल्पना करा, त्यांच्यातल्या एकाचा कचऱ्याच्या ढिगावरचा फोटो आहे. खाली ‘स्वच्छतेसाठी झटणारे स्वयंसेवक’ असं लिहिता येतं आणि ‘किमान वेतनही न मिळणारे कंत्राटी कामगार’ असंही. फोटो दोन्ही ओळी मुकाट्याने सोसतो. म्हणून ती ओळ कुणाच्या हातात आहे, यावर भांडायला हवं.

कष्टकऱ्यांचे सगळ्यात जास्त फोटो आज कोण काढतं? सरकार आणि ठेकेदार. मोठ्या साइटच्या फाटकावर चेहरा दाखवून हजेरी लागते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवणं देशभर सक्तीचं झालं. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना काम दिलं आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तिथेही हजेरी या फोटोवर आली. रेंज नाही, फोटो चढला नाही, की दिवस बुडाला. आणि एवढं करून काय झालं? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जाताहेत, फोटोचेच फोटो काढून हजेरी लावली जाते आहे. फोटो आहे म्हणजे पुरावा आहे, या समजुतीवर सरकारी यंत्रणा उभी केली आणि ती तिथेच कोसळली. मजुरांवर विश्वास नाही म्हणून काढलेला फोटो आणि मजुराला कुणी फसवू नये म्हणून काढलेला फोटो, दोन्हींत उन्हात उभी असलेली तीच माणसं असतात. आपण दुसऱ्या प्रकारचं काम करतो असं म्हणणाऱ्याला ते वागणुकीतून सिद्ध करावं लागेल.

त्या वागणुकीतली पहिली गोष्ट म्हणजे फोटो परत नेऊन देणं. डोरोथिआ लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मजूर छावणीत एका आईचा फोटो काढला. तो जगभर गेला, पाठ्यपुस्तकांत गेला. लँगने तिचं नावही विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये एका वार्ताहराने त्या बाईला, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सनला, शोधून काढलं तेव्हा तिच्या बोलण्यात कडवटपणा होता. त्या फोटोतून तिला दमडीही मिळाली नव्हती. विसाव्या शतकातल्या एका अतिशय गाजलेल्या फोटोबद्दल हे मी अपवाद म्हणून सांगत नाही. नियम हाच आहे. मासळी बाजारात बसलेल्या कोळणीचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या हमालाचा, ट्रकखाली गोधडी अंथरून झोपलेल्या क्लीनरचा फोटो काढणाऱ्या किती जणांनी त्याची प्रत त्यांच्या हातात नेऊन दिली? आता तर छापायचाही खर्च नाही, मोबाइलवर पाठवला की झालं.

आणि मोबाइलची गोष्ट निघालीच आहे तर, नाक्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येक बिगाऱ्याच्या खिशात आज कॅमेरा आहे. बिहारहून, झारखंडहून, मराठवाड्यातून आलेली पोरं स्वतःचे फोटो काढतात, गावी पाठवतात. त्यात धूळ नसते. धुतलेला शर्ट असतो, गॉगल असतो, मागे तेविसावा मजला असतो, ज्याचं सेंटरिंग त्यांनी लावलेलं असतं. आपण जाणत्या मंडळींनी या फोटोंना नाकं मुरडू नयेत. मी हे केलं आहे, मी इतक्या उंचावर उभा आहे, असं त्यातून तो मुलगा घरच्यांना सांगत असतो. बाहेरून गेलेल्या फोटोवाल्याला धूळ दिसते आणि त्या मुलाला मजला दाखवायचा असतो. दोन्ही खरं आहे. पनवेलच्या कामगारांचा संग्रह उद्या कुणी केलाच, तर त्यात त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंना मानाची जागा द्यावी लागेल, नाहीतर तो जॉन्सनच्या खंडांचाच पुढचा भाग होईल.

असा संग्रह आजच का, याचं उत्तर खाडीपलीकडे उभं आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यावर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांनी दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांची नावं आणि फोटो या गावांनी जपले, दर जानेवारीत त्यांना हार पडतात. पण ते ज्यासाठी लढले ते काम? खारबंदिस्तीचा बांध कसा घालायचा, मिठाची कोंडी कशी तुडवायची, उधाणाचं पाणी कुठून आत घ्यायचं, हे हातांनी जाणणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली. कमळासारख्या छताचे ड्रोनने टिपलेले फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. इतक्या वरून माणूस दिसत नाही. ते छत उभं करणारे वेल्डर, सुरुंग भरणारे, डंपर हाकणारे एव्हाना दुसऱ्या कुठल्या तरी साइटवर गेले. दीडशे वर्षांपूर्वी चाकांचं जे झालं तेच या छताचं होऊ द्यायचं का?

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महापालिका २०१६ ची. वाचनालयं आहेत, महाविद्यालयं आहेत, हौशी फोटोग्राफर तर गल्लोगल्ली आहेत. रविवारी पहाटे कर्नाळ्याला पक्षी टिपायला जाणाऱ्यांची संख्या पाहावी. ही मंडळी एका पक्ष्यासाठी तासन्‌तास थांबतात, जात लिहितात, नर की मादी लिहितात, तारीख आणि जागा लिहितात. एवढी शिस्त ज्यांच्या अंगात आहे त्यांनी महिन्यातला एक रविवार माणसांना द्यावा. वाचनालयाने एक नोंदवही ठेवावी: फोटो, नाव, गाव, काम, दर, तारीख, आणि छापायला परवानगी आहे की नाही. महाविद्यालयातल्या मुलांनी हिंदी, बंगाली, भोजपुरी बोलणाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावं. महापालिकेने खर्चाला थोडे पैसे द्यावेत. बांधकाम कंपनीच्या देणगीवर हे करू नये, कारण मग दराचा रकाना आपोआप रिकामा राहू लागेल. प्रदर्शन एसटी स्टँडवर मांडावं. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ मध्ये दहा राज्यांत काढलेले कष्टकरी बायकांचे फोटो बसस्टँडवर, कारखान्यांच्या फाटकांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडले होते, आणि २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर फोटोतल्या माणसाचं नाव-गाव देण्याची शिस्त आजही पाळली जाते, मराठीतही. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

सुरुवात सकाळच्या मजूर नाक्यापासून करावी. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावरचा माणूस रोज नव्या मालकाकडे जातो, तो दाखला आणणार कुठून? त्याच्या कामाची जागा, तारीख आणि मुकादम लिहिलेले फोटो एखाद्या वाचनालयाच्या वहीत वर्षभर जमत गेले, तर मंडळाच्या खिडकीत ठेवायला त्याच्याकडे काहीतरी असेल. अधिकारी ते लगेच मानतील असं नाही. त्यासाठी कामगार संघटनेला आणि नगरसेवकांना मागे लागावं लागेल, आणि वहीतल्या नोंदी इतक्या चोख असाव्या लागतील की नाकारणाऱ्याला कारण लेखी द्यावं लागेल.